पितळेची म्हणून राहिली

गणपतीच्या आधी गावच्या घरी देव उजळायला काढतात. चिंचेचा कोळ, रांगोळीची पूड आणि सोडणाचा काथ्या घेऊन सुना पडवीत बसतात, आणि आत्या खांबाला टेकून कुणाचा हात कुठे हलका पडतोय ते बघत असते. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घंटा, समई असा सगळा संसार परातीत पडलेला असतो. त्यातच एक गोल चकती असते. तिच्यावर पंख पसरून उभी असलेली एक बाई आहे. आमच्या घरात ती 'पंखवाली' म्हणून ओळखली जाते आणि कित्येक वर्षं तिला कुंकू लागतं. घासून घासून तिच्या चेहऱ्यावर आता नाकडोळे काही उरलेले नाहीत, पंखांच्या रेषा मात्र बोटाला लागतात. लहानपणी आम्हाला ती कुणाची कुलदेवता आहे हे कधी विचारावंसं वाटलं नाही. देवघरात आहे म्हणजे देवी आहे. मागच्या गणपतीला माझ्या मुलीने ती उलटी केली आणि मागची इंग्रजी अक्षरं मोठ्याने वाचायला सुरुवात केली, तेव्हा आत्या म्हणाली, "ह्याचा रुप्याचा जोडीदार व्हता, तो सोनारान नेलान. ह्यो पितळंचा, म्हणून ऱ्हायला."

एवढं बोलून ती समईकडे वळली. त्यानंतर गणपती आले, गेले, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मागची अक्षरं अशी होती: 'संस्कृतीसाठी झालेले महायुद्ध, १९१४-१९१९'. पहिल्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांना वाटलेलं ते विजयपदक. ते कांस्याचं असतं. त्याच्याबरोबर बहुतेक सगळ्यांना एक चांदीचं पदकही मिळालं होतं. त्याच्या एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला एक नग्न पुरुष. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती खुदकन हसली. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, 'घोड्यावरच्या नागड्या'ची गोष्ट तिला सांगितली होती. त्यांनी तो लहानपणी हातात घेऊन पाहिला होता. पुढच्या पिढीने फक्त ऐकला.

ह्या पदकांची एक खासियत आहे. ज्याला दिलं त्याचं नाव कडेवर उमटवलेलं असतं. आमच्या पंखवालीची कड काळ्या किटाने भरली होती. मऊ ब्रश आणि भिंग घेऊन मी ती खिडकीत बसून साफ केली. आधी आकडे दिसले, मग शिपाई हा हुद्दा, मग नाव. कुणा इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं, त्यामुळे डोळ्यांनी कळत नव्हतं, मोठ्याने वाचलं तेव्हा पणजोबांचं नाव झालं. शेवटी पलटण: ११० मराठा. चिंचेच्या कोळाने देवीचा चेहरा नेला, पण कड कुणी घासली नाही म्हणून माणसाचं नाव वाचलं. सातबारा खोताच्या नावे, खोली दुसऱ्याच्या नावे, गिरणीच्या हजेरीत दुसऱ्याच्या जागचा बदली कामगार. पणजोबांचं नाव टिकेल अशा जागी कुणी लिहिलं असेल तर ते ह्या कडेवर.

आमच्या घरात त्यांची गोष्ट दोन वाक्यांत संपते. 'बसऱ्याला गेले होते, तुर्काच्या कैदेत होते. मग मुंबईला गिरणीत लागले आणि बायकोला तिकडे नेलं.' लग्नकार्यात कुणी म्हाताऱ्याने विषय काढलाच तर एवढंच. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्यात काही विचारण्यासारखं आहे असं वाटलंच नाही. पण ११० वी पलटण आणि तुर्काची कैद ही दोन टोकं जुळवली की गावाचं नाव आपोआप समोर येतं. कूत. कूत अल-अमारा. आजच्या इराकमध्ये तैग्रिस नदीच्या वळणात अडकलेलं, मातीच्या घरांचं एक गाव.

इंग्रजांच्या हिंदी लष्कराची सहावी पूना डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणी आखाताच्या टोकाला फावच्या किनाऱ्यावर उतरू लागली. तेलाचे नळ वाचवायचे आणि बसरा धरायचा, एवढाच सुरुवातीचा बेत होता. बसरा लवकर पडला, मग कुर्ना, मग अमारा, मग कूत, आणि प्रत्येक सोप्या विजयाबरोबर वरच्या अधिकाऱ्यांना बगदाद जवळ दिसू लागलं. त्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. त्यांची भरती मुख्यतः रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतली. खेड, दापोली, चिपळूण, संगमेश्वरच्या वाड्यावाड्यांतली ही पोरं. पाऊस पडला की ज्यांच्या अंगणातून पऱ्ह्या वाहतो ती माणसं अशा मुलखात गेली जिथे उन्हाळ्यात तंबूतला लोखंडी खिळा हाताला चटका देतो आणि हिवाळ्यात चिखल गोठतो. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला ती फौज अडली. तीन दिवसांत साडेचार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना नदीपर्यंत आणायला स्प्रिंग नसलेल्या सामानाच्या गाड्या होत्या. पुढे १९१७ मध्ये ह्या सगळ्या हेळसांडीची चौकशी झाली, अहवाल निघाला, लंडनमध्ये गदारोळ झाला. गाडीत हाडं मोडलेली माणसं एकमेकांवर रचलेली होती, ती तोवर मेली होती किंवा कैदेत होती.

उरलेली फौज मागे हटत कूतमध्ये शिरली आणि डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी वेढा आवळला. तो जवळजवळ पाच महिने चालला. वेढा फोडायला खालून आलेल्या फौजेची हजारो माणसं तैग्रिसच्या चिखलात पडली. त्यांत पुन्हा हिंदुस्थानीच जास्त. आत अन्न संपत गेलं. घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली तेव्हा बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानग्या तारेने मागवण्यात आल्या, तरी बरेच दिवस पुष्कळजण बधले नाहीत. जवाचं थोडंसं पीठ आणि नदीचं पाणी. हिरड्या सुजायला लागल्या, अंगावर निळे डाग उठायला लागले, तेव्हा माणसं खंदकांच्या आसपासचं गवत, पाला, जे हिरवं दिसेल ते उपटून उकडू लागली. त्यात विषारीही असायचं, आणि ते खाऊनही माणसं मेली. शेवटी विमानातून पिठाची पोती टाकली गेली. ती पुरणार नव्हती, पुरली नाहीत. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली.

हे सगळं वाचत असताना मला आत्याने कधीतरी सांगितलेली एक गोष्ट आठवली आणि मी पुस्तक मिटून बसलो. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी अशा भाज्या निघतात. आत्या लहान असताना पोरीसोरी टोपली घेऊन रानात जायच्या. घरी आल्यावर तिचा आजा टोपली ओसरीवर उपडी करायचा आणि एकेक पान बाजूला करून बघायचा. नुसतं बघायचा नाही, चुरगळून हुंगायचा. एखादं पान ओळखीचं नसेल तर त्या पानाबरोबर सगळी टोपली उकिरड्यावर. पोरी रडायच्या, आजी बडबडायची, पण आजा ऐकायचा नाही. जेवताना ताटात भाजी पडली की पहिला घास त्याचा, आणि तो गिळून थोडा वेळ थांबल्याशिवाय पोरांनी हात लावायचा नाही. घरात सगळ्यांनी ह्याला म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा म्हटलं. आत्याला मी कूतच्या पाल्याबद्दल सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमी त्याला किती हसायचो रं."

वेढ्यातलं आणखी एक मला सोडत नाही. कूतमध्ये साधारण सहा हजार अरब रहिवासीही अडकले होते. त्यांची घरं खंदकांसाठी फोडली गेली, लाकूड जाळलं गेलं, धान्य ताब्यात घेतलं गेलं. शरणागतीनंतर तुर्कांनी त्यांच्यातल्या काहींना इंग्रजांना मदत केली म्हणून फासावर चढवलं. ज्या घरांच्या भिंती पाडल्या त्यांपैकी एखादी पणजोबांच्या पहारीने पाडली असेल. आणि समोरचे तुर्की शिपाई? अनातोलियाच्या खेड्यांतले शेतकरीच की. मला पणजोबांचा अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. पण तो अभिमान पूर्ण छातीने वाटत नाही. ते युद्ध आपलं नव्हतं. शिपायाला महिन्याला अकरा रुपये पगार होता, आणि आम्ही खोताची कुळं. पिकाचा मोठा वाटा खोताच्या खळ्यात जायचा. वरकस जमिनीवर नाचणी-वरी किती पिकणार? घरातल्या एकाने पलटणीत जाणं किंवा दाभोळला चालत जाऊन मुंबईची बोट पकडणं, हे दोनच रस्ते होते. त्यातला पहिला त्यांनी धरला. त्यांच्यावर साम्राज्याची सेवा केल्याचा ठपका ठेवायला मी धजत नाही, आणि त्यांना वीर म्हणून मिरवायलाही जीभ रेटत नाही.

शरणागतीनंतर कूतमधल्या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला नेलं. शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे कामाठी, भिस्ती, स्वयंपाकी चालत निघाले. पाच महिने उपाशी असलेली माणसं, पायात धड बूट नाहीत, आधी बगदाद, मग आगगाडीने सामर्‍यापर्यंत, मग पुन्हा चालत मोसूल आणि पुढे रास अल-ऐन. आज ते गाव सीरिया आणि तुर्कस्तानच्या सीमेवर आहे. तिथे बर्लिन-बगदाद रेल्वेचं काम चालू होतं आणि त्या छावणीत हिंदी कैदी जास्त होते. माती खणायची, भराव घालायचा, रूळ टाकायचे. पटकी, हगवण, ज्वर. किती मेले ह्याचे आकडे पुस्तकागणिक वेगळे आहेत, मी ते इथे देत नाही. माझ्या दृष्टीने इतकं पुरे की पणजोबा त्यात मेले नाहीत.

आणि इथेच त्यांचा माग तुटतो.

युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नावं सांभाळणारा राष्ट्रकुलाचा आयोग आहे. त्याच्या याद्या घरबसल्या बघता येतात. पण तिथेही आपल्या शिपायांची कथा वेगळीच. बसऱ्याच्या स्मारकाच्या भिंतींवर इंग्रज शिपायाचं नाव कोरलं गेलं, हिंदी अधिकाऱ्याचं कोरलं गेलं, आणि साध्या हिंदी शिपायांचा फक्त पलटणवार आकडा. हे आम्ही चुकलो असं त्या आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात मान्य केलं. ते मेलेल्यांचं. जो जिवंत परतला त्याचं काय? पंजाबातल्या शिपायांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात सापडल्या आणि अलीकडे लाखो नावं लोकांसाठी खुली झाली. त्यामुळे लुधियाना किंवा सियालकोटच्या माणसाला आपला पणजा शोधता येतो. मुंबई इलाख्यातल्या माणसासाठी तसं दार मला सापडलं नाही. हिंदुस्थानचा कारभार बघणाऱ्या लंडनमधल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात त्याच पलटणीच्या साहेबांचं लग्न, बढती, रजा, निवृत्तिवेतन सगळं मिळतं. ज्यांनी त्यांच्यामागे चालत वाळवंट तुडवलं त्यांचं मिळत नाही.

मग उरली माणसं. मी पुन्हा आत्यासमोर जाऊन बसलो. तिला विचारलं, आजा सुटून आला तेव्हा काय झालं? मला वाटलं होतं दारात ओवाळणं, तुकडा ओवाळून टाकणं असं काहीतरी ती सांगेल. ती म्हणाली, "घराला कुलूप व्हता."

म्हणजे असं. १९१६ च्या उन्हाळ्यानंतर पणजोबांचं पत्र येईनासं झालं. आजोबा तेव्हा दोन वर्षांचे. खोताचा माणूस दारात येऊन बसायचा. दीर वेगळे झाले. पणजीने भाताची पेज करून पोराला कडेवर घेतलं, गावातल्या एका बाईच्या सोबतीने दाभोळ गाठलं आणि बोटीने मुंबईला भावाकडे आली. गावच्या पुरुषांनी मिळून घेतलेली गावकीची खोली, तिथे बाईला जागा नाही, म्हणून लालबागला भावाच्या दहा बाय दहाच्या खोलीत, मोरीच्या बाजूला. तिथल्याच एका ओळखीच्या नायकिणीला, म्हणजे गिरणीतल्या बायकांच्या मुकादमिणीला, महिन्याच्या पगारातले पैसे चारून ती गिरणीच्या रीळ खात्यात लागली. पोराला झोपवायला अफूची बाळागोळी. त्या काळी चाळीचाळींतून बाया हेच करायच्या, आणि हे सांगताना आत्याच्या आवाजात लाजही नव्हती आणि दुःखही नव्हतं. माझ्या पोटात मात्र कालवलं. हेच आजोबा पुढे मला खांद्यावर बसवून जत्रेला नेत असत.

तर पणजोबांनी बायकोला मुंबईला नेलंच नाही. "नेलान कसा? ती आधीच तिथं व्हती," आत्या म्हणाली, आणि मी इतकी साधी गोष्ट विचारतोय ह्याचं तिलाच नवल वाटलं. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीला तुर्कस्तानने युद्धबंदी केली, कैदी सुटले. पणजोबा मुंबईच्या गोदीत उतरून तसेच बोटीने गावी गेले, कुलूप बघून एक रात्र शेजारच्या पडवीत काढली आणि परत फिरले. मुंबईत तेव्हा जानेवारी १९१९ चा संप चालू होता. एक लाखाहून जास्त कामगार बाहेर. पणजी त्यांत. युद्धातून आलेल्या माणसाला त्याची बायको लालबागच्या चाळीत संपावर बसलेली भेटली, आणि तिने त्याला ओळखलं नाही. आत्याच्या मते त्याचे पुढचे दात गेले होते म्हणून. पोरगं तर त्याच्याकडे जाईचना. पुढे तिनेच नायकिणीकडून जॉबरला, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाला, सांगून त्यांना बदलीत लावलं.

घरातल्या दोन वाक्यांच्या गोष्टीतून ती बाई एवढी साफ कशी पुसली गेली असेल? कुणी मुद्दाम केलं असेल असं नाही वाटत. पुरुष जातो, बाई मागून येते, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला ओळखीची. पणजोबांच्या माघारी आमचं घर ज्या पगारावर उभं राहिलं तो सुताच्या रिळांवर बोटं कापून घेणाऱ्या एका बाईचा होता, हे सांगायला जरा थांबावं लागतं. कुणाला वेळ होता?

चांदीच्या पदकाचंही तेच. मला वाटत होतं पणजोबांनी ते मोडलं असेल. नाही, पणजीने मोडलं. १९२८ चा संप सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत घरी. वाण्याची उधारी बंद झाली, भांडी गेली, मग एके दिवशी पणजी दोन्ही पदकं पदरात बांधून सोनाराकडे गेली. त्याने कसोटीला लावून बघितलं, चांदीचं ठेवून घेतलं आणि दुसरं परत दिलं. आलेल्या पैशांतून तांदूळ आणि सुकी मासळी. पणजोबा रागावले का, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, तिच्या बापाने सांगितलेलं एवढंच की आजा त्या दिवशी पोटभर जेवला आणि 'राजाचं डोकं कामाला आलं' म्हणाला. हे खरं असेल किंवा पुढे कुणीतरी जोडलं असेल. मला ते खरं वाटतं, कारण ज्याने उपासाने माणसं मरताना पाहिली त्याला चांदीची माया राहिली नसणार. परत आलेलं पितळेचं पणजीने गावी आल्यावर देवांत ठेवून दिलं. तिला ती बाई देवी वाटली की नवऱ्याची सुखरूप परतण्याची खूण वाटली, सांगायला ती नाही.

गावच्या शाळेच्या व्हरांड्यात एक संगमरवरी पाटी आहे, कोकणात आणि साताऱ्याकडे पुष्कळ गावांत असते तशी. ह्या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असं इंग्रजीत. गेलेल्यांचा आकडा दोन अंकी, न परतलेल्यांचा एक अंकी, नाव एकाचंही नाही. मुलं तिच्यावर दप्तरं टेकवतात. आता आम्ही काहीजण वाडीवाडीत फिरून त्या आकड्याची नावं गोळा करतोय. कुणाकडे पंखवालीची बहीण निघते, कुणाकडे नुसता पलटणीचा बिल्ला, कुणाकडे 'आमचा एक बसऱ्याला गेला तो गेलाच' एवढंच. ग्रामपंचायतीने पाटीखाली दुसरी पाटी लावायला परवानगी दिली आहे. पण आकडा अजून भरत नाही. वरच्या वाडीतल्या एका घरात थोरला गेला होता की धाकटा ह्यावर दोन भावकींत वाद आहे आणि दोघेही सही करायला तयार नाहीत. शिवाय मी यादीत एक रकाना वाढवला आहे, त्या त्या माणसाच्या माघारी घर कुणी चालवलं त्याचा. काहींना तो अनाठायी वाटतो, पाटीचा खर्च वाढेल म्हणतात. आत्याने मात्र पहिल्यांदा तोच भरून घेतला. आजीचं नाव, माहेरचं गाव, आणि पुढे काम: रीळ खातं.